आधी ओठ, मग घोट

अक्का, तुझ्या गाळ्याचा ताबा घेऊन मला अर्धा दिवसही झाला नव्हता, आणि मी पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत थिनर भरलं.

हो, मीच. तुझा सख्खा भाऊ. ओरडू नकोस, आधी सगळं ऐक. तेरावं होऊन आठवडा उलटायच्या आत तुला इतकी चांगली बातमी द्यायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं. ती माझ्या मूर्खपणातून सुरू होते, त्याला मी काय करू. आपल्या घरातल्या निम्म्या गोष्टी तिथूनच सुरू होतात.

तर झालं असं. तू गेल्यापासून बंद असलेला तुझा स्टीलच्या भांड्यांचा गाळा पुन्हा उघडायचा दिवस ठरला. काउंटरच्या मागे तुझा फोटो लावायचा होता. फ्रेम मी आणली, आमच्या बेव्हर्ली पार्कच्या नाक्यावरून. दुकानदाराने किमतीचा स्टिकर काचेवर नेमका तुझ्या कपाळावर चिकटवला होता. मी नखाने खरवडला. वरचा कागद निघाला, गोंद तसाच राहिला. आता तू त्या पांढरट चिकट चौकोनाखालून माझ्याकडे अशी बघत होतीस, की "बाबू, तुला एक काम धड जमत नाही" हे काचेच्या आतून ऐकू यायला लागलं.

स्टीलच्या भांड्यांवरचा स्टिकरचा डाग तुझ्याकडे थिनरने काढतात, एवढं ज्ञान मला होतं. तुझे जुने कारागीर सलीमभाई बाहेर टेम्पोतून पत्रा उतरवून घेत होते. केमिकलच्या कपाटाची किल्ली खिळ्याला. थिनर काढायचा तुझा तो लाल डबा नुकताच धुऊन पालथा घातलेला. ओला डबा कशाला घ्यायचा, असा सुज्ञ विचार करून मी माझ्या निळ्या झाकणाच्या बाटलीतलं उरलेलं पाणी संपवलं आणि तिच्यातच थोडं थिनर ओतून घेतलं. बोळ्याने काच पुसली. डाग गेला. फ्रेमची सोनेरी कडही थोडी गेली, ते सोड. फोटो लावला, हात जोडले, आणि बाटली तिथेच फोटोखाली काउंटरवर ठेवून मी समईत तेल घालायला लागलो. समई लावली नव्हती, हे सगळ्या गाळ्याचं नशीब.

या एका कामात मी तुझे किती नियम मोडले ते तू मोजत असशील. पाण्याची बाटली उंबऱ्याच्या आत आणायची नाही. केमिकल मूळच्या कॅनमधून फक्त लाल डब्यात. डबा हातातून सुटला की परत कपाटात. मला सगळे पाठ होते. पण ते मला कामगारांचे नियम वाटत होते. मी तर काय, घरचाच.

हे नियम कुठून आले ते तुला सांगायला नको, पण मला पुन्हा सांगू दे. मला ते आत्ता कुठे नीट उमगलंय.

तुला आठवतं, आई आपल्याला तांब्याला तोंड लावू द्यायची नाही. उष्टं करायचं नाही, वरून प्यायचं. रत्नागिरीच्या त्या घरात यावर आपल्या स्पर्धा व्हायच्या. मी तांब्या उचलला की पहिलं पाणी नाकात, दुसरं बनियनमध्ये. आणि तू मान मागे टाकून डोळे मिटून अशी धार सोडायचीस, की घशाचा आवाजसुद्धा व्हायचा नाही. अख्खा तांब्या रिकामा. आई पाहुण्यांना बोलावून दाखवायची, जणू तू गाणं म्हणतेयस. तुझ्याइतकं देखणं वरून पाणी पिणारं माणूस मी नंतर एकच पाहिलं, आणि तिच्याशी मी लग्न केलं. तिच्याकडे येतोच आता.

आणि तूच, आपल्या घराची वरून पिण्यातली चॅम्पियन, एक दिवस गाळ्यात उभी राहून म्हणालीस, "आजपासून इथे कोणी वरून पाणी पिणार नाही."

कारण तुमच्याच गल्लीतल्या, कोपऱ्यावरच्या गाळ्यात एक माणूस वरून प्यायला होता. भांडी धुवायचं ॲसिड कोणीतरी कामापुरतं पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलेलं. दिसायला पाणीच. उन्हातून आला, बाटली उचलली, हात उंच केला, आणि मोठ्ठा घोट. तो वाचला, पण आवाज गेला तो गेलाच, आणि गिळता फक्त पातळ येऊ लागलं. तू त्याला महिनोन्‌महिने पेज नेऊन देत होतीस. घरी येऊन एकच गोष्ट पुन्हापुन्हा बोलायचीस. "बाबू, देवानं नाक तोंडाच्या बरोब्बर वर ठेवलंय. दरवान म्हणून बसवलंय त्याला. आणि आपण शहाणे बाटली हातभर वर धरतो, दरवानाला चुकवून चोर थेट घशात सोडतो. तोंड लावलं असतं तर ओठ चुरचुरले असते रे. ओठावरच थांबलं असतं."

मी म्हटलं, मग बोर्ड लाव. आमच्या सोसायटीच्या सगळ्या नोटिसा मी लिहितो, हे तुला माहीत होतं, आणि तेवढ्या भांडवलावर मी स्वतःला लेखक समजतो, हेही. मी तुला बोर्ड लिहून दिला, "रासायनिक द्रव्ये पेयजलाच्या पात्रांमध्ये साठविण्यास सक्त मनाई आहे." तू तो गाळ्यात लावलास. सलीमभाईंनी आदराने विचारलं, "दीदी, ये कोई श्लोक है?" काशीगावच्या शेवंताबाई, तुझ्या पॅकिंगवाल्या, त्यांनी त्या बोर्डाच्या खिळ्याला पदर अडकू नये म्हणून आपली पिशवी टांगली. मग मी त्याचं हिंदी केलं. त्यावर दुसरी पिशवी आली.

"बोर्ड वाचायला माणूस थांबावा लागतो," तू म्हणालीस. "तहानलेला थांबतो का?"

मग तू तुझं काम सुरू केलंस. बाटल्या उंबऱ्याबाहेर. पाण्याचा माठ बाहेर, डबे खायचे तेही बाहेर, हात धुतल्याशिवाय तंबाखूची चंचीसुद्धा उघडायची नाही. सलीमभाई त्यावर रुसून बसले होते. तू त्यांना म्हणालीस, "तंबाखू खा, मेरेको क्या. पर ॲसिड का मसाला डाल के मत खा." आणि कुणी चुकून काही गिळलंच, तर घशात बोटं घालून उलटी काढायला लावायची नाही, काय गिळलं तो कॅन उचलायचा आणि माणसाला घेऊन दवाखाना गाठायचा, हे तू प्रत्येकाकडून तोंडपाठ म्हणून घेतलंस. पाढ्यांसारखं.

पण सगळ्यात कठीण होतं ते तोंड लावणं. एका माठाभोवती किती गावची, किती जातींची माणसं. आपला ग्लास दुसऱ्याने तोंड लावून प्यायचा, हे कुणाच्याच गळी उतरेना. तू मशीन काढलंस, लग्नाच्या भांड्यांवर नावं घालायचं. आपली माणसं ताटलीवर, वाटीवर, डब्याच्या झाकणावरसुद्धा नाव घालून घेतात. तू प्रत्येकाला एकेक ग्लास दिलास नाव घातलेला. ज्याला वाचता येत नव्हतं त्याच्या ग्लासावर चित्र. शेवंताबाईंची बोंबील. सलीमभाईंचा पतंग. माझ्या ग्लासावर तू एक प्राणी कोरलास आणि सांगितलंस की घोडा आहे. कानांवरून मला संशय आहे.

"ग्लास तुझा, तोंड तुझं, मग उष्टं कुणाचं?" असं विचारलंस, आणि सगळ्यांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा, ग्लासाला ओठ लावून पाणी प्यायलीस. मी तिथे होतो. तुला ते जमत नव्हतं. बुडबुडे काढत प्यायलीस, लहान मुलासारखी. सगळे हसले. तूही. त्या दिवसापासून गाळ्यात ते रूढ झालं, "आधी ओठ, मग घोट." ओठ टेकवायचे, क्षणभर थांबायचं, मग प्यायचं. कोणी विसरून ग्लास वर उचलला की बाकीचे एका सुरात ओरडायचे, आणि त्या दिवशी त्याने सगळ्यांचे ग्लास विसळायचे.

माझं मात्र म्हणणं होतं की हे तुझ्यापुरतं आहे. आपलं शेवटचं भांडण त्यावरच झालं. मी म्हटलं, "अक्का, तू काउंटरवर बसलीस म्हणून हे ऐकतात. तू दोन दिवस गावाला जा, तिसऱ्या दिवशी बाटल्या आत. लिहून ठेवलेलंच टिकतं." तू म्हणालीस, "लिहिलेलं भिंतीवर टिकतं रे. सवय माणसात टिकते." मी म्हटलं, "बघू." तू पिशवी उचललीस, भाजी आणायची होती. म्हणालीस, "नंतर बोलू."

ते नंतर आलंच नाही. तू झोपेतच निघून गेलीस. सगळे म्हणाले, पुण्यवान. मी मनात म्हटलं, वाद अर्धा टाकून जाणारी कसली पुण्यवान.

तेराव्याला सलीमभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "माल का टेन्शन नहीं है भाईसाब. ऑर्डर, बफिंग, टेम्पो, सब मैं देख लेगा. पर वो जो दीदी देखती थी, वो अब कौन देखेगा?" मला कळलं, ते बाटल्या-ग्लासांच्या नियमांबद्दल म्हणतायत. मी छाती पुढे काढून म्हटलं, "मैं हूँ ना."

आता सुमनकडे येऊ. तुझी भावजय. तुम्ही दोघी दिवाळीला एकमेकींचे फराळ चाखून एकमेकींचे दोष काढणाऱ्या, आणि कुणी तिसरा दोष काढू लागला तर त्याच्यावर तुटून पडणाऱ्या. तू तिला कितीदा सांगितलंस, घरीसुद्धा वरून पिऊ नकोस. फिनेल, टॉयलेटचं ॲसिड, काय काय बाटल्यांत असतं. ती म्हणायची, "वन्सं, मी माझ्या घरात काय कुठे ठेवलंय ते मला माहीत आहे. तोंड लावून पिणं मला जमायचं नाही, शिसारी येते." तू म्हणायचीस, "येऊ दे. शिसारी बाहेर काढता येते." असं तुमचं वर्षानुवर्षं चाललं. दोघींपैकी कोणी तसूभर हललं नाही.

त्या दिवशी गाळा उघडल्यावर कामगारांचं तोंड गोड करायचं म्हणून ती शिऱ्याचा डबा घेऊन आली. रिक्षावाल्याने फाटकाशी सोडलेली, तिथून आतपर्यंत उन्हात चालत. चहाची वेळ होती, मशीनं बंद होती, म्हणून गाळा शांत. सगळी मंडळी दाराशी माठापाशी उभी. ती आत आली, डबा ठेवला, तुझ्या फोटोकडे बघून डोळ्यांना पदर लावला, आणि समोर बघते तो नवऱ्याची रोजची बाटली. निळं झाकण. तिने झाकण काढलं. मान मागे. डोळे मिटलेले. हात उंच.

मी समईची वात सारखी करत होतो. माझी पाठ तिच्याकडे.

अक्का, मला काही दिसलं नाही. ऐकू आलं ते फक्त शेवंताबाईंचं, "ओ वैनी! वरशी न्हाय प्यायाचा हितं." आणि पाठोपाठ दाराशी उभ्या अख्ख्या मंडळींचं, हसत, चेष्टेत, शाळेतल्या पोरांसारखं एका सुरात, "आधी ओठ, मग घोट."

बाटलीत काय आहे हे त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. कोणी तिला वाचवत नव्हतं. ते फक्त ग्लास विसळायला एक नवीन गिऱ्हाईक सापडलं म्हणून खूश होऊन ओरडले होते. मला याच गोष्टीने इतकं भरून येतं, की मी हे शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, सोसायटीच्या वॉचमनलाही सांगून बसलोय. तू नव्हतीस अक्का. तू फोटोत होतीस. मी होतो तर पाठ करून उभा. आणि तरी तो गाळा ओरडला.

सुमन चिडली. तिला असं चारचौघांत कोणी टोकलेलं चालत नाही, हे तुझ्याशिवाय कुणाला जास्त माहीत. तिने हात खाली घेतला, "घ्या बाई, लावते तोंड, होऊ दे तुमच्या मनासारखं," असं म्हणत रागारागाने बाटली ओठांकडे नेली. ओठांपर्यंत ती पोचलीच नाही. दरवान जागेवर होता. तिने बाटली अशी फेकली की ती थेट शिऱ्याच्या डब्यावर आदळली.

वास सगळ्या गाळ्यात पसरला. सलीमभाई ओरडले, "दिया मत जलाना," आणि माझ्या हातातली काडेपेटी माझ्या लक्षात येण्याआधीच त्यांनी काढून घेतली. दोघांनी शटर पूर्ण वर केलं. एकाने सांडलेल्यावर वाळू टाकली. शेवंताबाई सुमनला बाहेर नेऊन हात, तोंड, मनगटं धुवत बसल्या, पुन्हापुन्हा. "गेला का पोटात? येक थेंब तरी? खरा सांगा वैनी." पोटात काही गेलं नव्हतं. एक थेंबही नाही. सलीमभाई तरी थिनरचा कॅन हातात घेऊन दाराशी उभे राहिले, दवाखान्यात न्यायची वेळ आलीच तर. तू शिकवलेल्या पाढ्यांसारखं, काही न विसरता.

मग त्यांनी वळून विचारलं, "बोतल अंदर लाया कौन?"

मी हात वर केला. शाळेत खिडकीची काच फुटली तेव्हा करायचो तसा.

शेवंताबाई सुस्कारा टाकून म्हणाल्या, "अक्का असती तं आज तुमचं काय खरं न्हवतं." सलीमभाई माझ्याजवळ आले, अगदी मऊ आवाजात म्हणाले, "भाईसाब, बुरा मत मानना. आप कल से काउंटर के बाहर बैठो. मेहमान के माफक. चाय भेजेगा मैं." त्या दिवशी सगळ्यांचे ग्लास मीच विसळले. बोंबील, पतंग, सगळे.

माठापाशी उकिडवा बसून मी ते एकेक करून विसळत होतो. ती धार घशात गेली असती तर, हा विचार मी अजून पुरा करू शकत नाही. अर्ध्यावर येतो आणि सोडून देतो. तू कोपऱ्यावरच्या गाळ्यातल्या त्या माणसाला पेज नेताना काय बघत होतीस, ते मला त्या माठापाशी बसून दिसलं. मी तेव्हा तुला बोर्ड लिहून देत होतो.

तर अक्का, आपला वाद मिटला. तू जिंकलीस. मी इतक्या आनंदाने आयुष्यात कुठलाच वाद हरलो नाही. तुला हे तोंडावर सांगायला मिळालं असतं, तर तू काय केलं असतंस मला माहीत आहे. "बरं," म्हणाली असतीस, आणि पुढचं काम सांगितलं असतंस. तेवढंसुद्धा ऐकायला मिळत नाहीये, बाकी सगळं झकास चाललंय. गल्लीतल्या दोन गाळ्यांचे मालक काल येऊन विचारून गेले, तुमच्या त्या नाववाल्या ग्लासांचं काय ते आम्हालाही दाखवा. सलीमभाई त्यांना असे समजावत होते, जणू ही कल्पना त्यांना स्वतःलाच स्वप्नात सुचली असावी. मी टोकलं नाही. पाहुण्यासारखा बसून चहा प्यायलो.

सुमन त्या दिवशी रिक्षात एक शब्द बोलली नाही. घरी आली, आंघोळ केली, डोकं धुतलं, शिऱ्याचा डबा तीनतीनदा घासला. मी समोर जायचं टाळत होतो. तीन दिवस झाले, तरी बोलेना. शेवटी आज देवापाशी दिवा लावून झाल्यावर मी हे लिहायला बसलो, तेव्हा ती न्हाऊन, ओल्या केसांना पंचा बांधून, येऊन मागे उभी राहिली.

"कुणाला लिहिताय?"

"अक्काला."

ती वाचत राहिली. "मी घाबरले होते असं लिहू नका," म्हणाली. मग म्हणाली, "आणि वन्सं जिंकल्या असं लिहिलंयत, ते तुमच्याबद्दल. माझं त्यांच्याशी भांडण अजून चालू आहे. ते संपवून मला काय करायचंय? माझ्याशी भांडायला आता दुसरं आहे कोण?"

मी उठायला लागलो, तर तिने खांदा दाबून मला खाली बसवलं. नाक ओढलं, केसांचा पंचा सोडून पुन्हा घट्ट बांधला, आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता म्हणाली, "उद्यापासून तुमचा डबा तुम्ही भरा. मी गाळ्यावर जातेय. सलीमभाईंना मघाशीच फोन केलाय."